आयर्विनला पाणी किती?

जुलैचा दुसरा आठवडा. सांगलीच्या गावभागातल्या एक काकू सुनेला घेऊन माझ्याकडे तपासणीला आल्या. वय ६८, निवृत्त शिक्षिका. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाल्या, "मॅडम, मला विसरायचा रोग लागलाय. आईलाही होता. काय ते एकदाचं सांगून टाका."

दूध उतू जातं, भिशीचे पैसे दोनदा दिले जातात, शेजारणीचं नाव ऐनवेळी आठवत नाही. साठीपुढची बरीच माणसं हीच धास्ती घेऊन येतात.

"वर्षभर असंच?" मी विचारलं.

सून म्हणाली, "नाही हो. उन्हाळ्यात सगळ्या नातवंडांचे वाढदिवस आईंना पाठ. पाऊस लागला की सुरू होतं."

मग २०१९चा ऑगस्ट निघाला. महापुराचं पाणी कितव्या पायरीला कधी लागलं, बोटीत चढताना कुठल्या पायातली चप्पल गेली, माळ्यावर टाकलेल्या तांदळाच्या डब्याचं झाकण कसलं होतं, काकू पाऊण तास न अडखळता सांगत होत्या. सकाळी काय खाल्लं विचारलं तर थांबल्या. "पोहे... का उपमा गं?"

मला धागा तिथं सापडला. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी ताणात कॉर्टिसोल हे संप्रेरक सोडतात. ते मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसवर, म्हणजे आठवणी नोंदवणाऱ्या भागावर, थेट काम करतं. भीतीच्या वेळची आठवण ते घट्ट करतं. पण तेच अंगात चढलेलं असताना आधीचं काही आठवू गेलं तर अडतं. निरोगी माणसांना कॉर्टिझोनची गोळी (शरीरात तिचं कॉर्टिसोल होतं) देऊन पाहिलं, तेव्हा आदल्या दिवशी पाठ केलेले शब्द आठवणं त्यांना जड गेलं.

"म्हणजे तोंडी परीक्षेत पोरं ततपप करतात तसं?" काकू म्हणाल्या. माझ्यापेक्षा बरं सांगितलं त्यांनी.

एक गोष्ट मात्र मी त्यांना सांगितली नाही. मॉन्ट्रियलच्या सोनिया लुपिएन आणि सहकाऱ्यांना १९९८ साली दिसलं, की ज्या वृद्धांचं कॉर्टिसोल वर्षानुवर्षं चढत गेलं, त्यांचा हिप्पोकॅम्पस इतर वृद्धांपेक्षा १४ टक्के लहान होता. आधीच घाबरलेल्या बाईला हा आकडा देऊन काय साधणार होतं?

पण सगळं ताणावर ढकलून मोकळं होणंही बरोबर नाही. मी त्यांना आधी फिजिशियनकडे धाडलं. बी-१२ कमी निघालं. शिवाय झोप यावी म्हणून काकू रोज सर्दीची गोळी घेत होत्या, आणि तसल्या काही गोळ्यांनी म्हातारपणी विसरायला होतं. ती डॉक्टरांनी बंद केली. रोजच्या गल्लीत वाट चुकणं, तोच प्रश्न दहा मिनिटांत पुन्हा विचारणं असलं काही नव्हतं. असतं तर मेंदूविकारतज्ज्ञाकडे पाठवायला मी थांबले नसते.

दुसऱ्या भेटीला काका आले. "हे बायकांनाच जास्त होतं ना?" १९९७च्या एका अमेरिकन पाहणीत कॉर्टिसोल वाढलेल्या वृद्ध स्त्रियांची स्मरणशक्ती घटलेली दिसली होती, पुरुषांत तसा संबंध दिसला नव्हता. मी प्रामाणिकपणे तेवढं सांगितलं आणि पस्तावले. एका पाहणीवरून पुरुष सुटले असं होत नाही, हे माझं पुढचं वाक्य काकांनी ऐकलंच नाही. ते बायकोकडे बघून हसत होते.

मग सून हळूच म्हणाली, "बाबा रात्री तीनला उठून मोबाइलवर नदीची पातळी बघतात आणि 'अडतीस झालं!' म्हणून आईंना उठवतात."

कॉर्टिसोल मध्यरात्रीच्या सुमारास सगळ्यात खाली असतं आणि पहाटेकडे चढतं. अशी रोज मोडलेली झोप ही लय बिघडवते. मग घरात करार झाला. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी आणि कोयना धरणाचा विसर्ग सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला बघायचा, तोही मुलानं. इशारा पातळी ४० फूट. त्याखाली घरात आकडा उच्चारायचा नाही. कागदपत्रांची पिशवी आत्ताच वरच्या मजल्यावर ठेवायची. माझ्या मते श्वासाच्या व्यायामापेक्षा काकूंना त्या पिशवीनंच जास्त धीर आला.

जानेवारीत पुन्हा स्मरणचाचणी घेतली. पाचपैकी चार शब्द आले. जुलैत दोनच आले होते.

पुढच्या पावसाळ्यात फोन वाजला. काका होते. "मॅडम, अहो, माझाच चष्मा सापडेना झालाय. मलाही लागलं की काय हे?"

"आयर्विनला पाणी किती?" मी विचारलं.

"३९ फूट २ इंच," पलीकडून तत्काळ उत्तर आलं.