एका पतीचा प्रश्न: पत्नीची लैंगिक इच्छा कमी झाली असेल तर किस्पेप्टिनच्या इंजेक्शनाने फरक पडेल का?

किस्पेप्टिन हे मेंदूत तयार होणारे, प्रजननाच्या संप्रेरकांना चालना देणारे संप्रेरक आहे. त्याच्याकडून आशा आहे, परंतु हे औषध आज दुकानात मिळत नाही. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमधील संशोधकांनी इच्छा मंदावल्याने त्रस्त असलेल्या ३२ स्त्रियांना व ३२ पुरुषांना किस्पेप्टिन शिरेतून दिले, तेव्हा मेंदूच्या स्कॅनमध्ये कामभावनेशी निगडित भागांतील प्रतिसाद बदललेला दिसला. निष्कर्ष २०२२ व २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. मात्र प्रयोगशाळेतील तासा-सव्वा तासाच्या परिणामावरून संसाराचा अंदाज बांधता येत नाही.

पत्नीच्या बाबतीत ‘सगळे मनाचे आहे’ असे आपण लिहिले आहे. हेच वाक्य मी माझ्या यजमानांकडून फार ऐकले. माझी इच्छा जवळपास संपली होती, पाळी लांबत होती आणि अंगावर पिणारे मूल नसताना दूध येत होते. यजमानांच्या मते नोकरी सोडणे हाच उपाय होता; मोठ्या जाऊबाईंनी तर माझे मन दुसरीकडे गुंतल्याची शंका बोलून दाखवली. अखेर एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी मी कोणत्या गोळ्या घेते ते विचारले. ॲसिडिटीसाठी रोज अनशापोटी घेत असलेल्या कॅप्सूलमध्ये आम्ल कमी करणाऱ्या राबेप्राझोलबरोबर लेव्होसल्पिराइड हे दुसरे औषध होते आणि या दुसऱ्या औषधाने मेंदूखालच्या पिट्यूटरी ग्रंथीतून स्रवणारे, दूध आणणारे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढते. माझे ते मर्यादेच्या कित्येक पट निघाले. प्रोलॅक्टिन वाढले की हायपोथॅलॅमस या मेंदूच्या भागातील किस्पेप्टिन दबते आणि तिथून बीजांडकोशापर्यंतची संप्रेरकांची साखळीच मंदावते. कॅप्सूल बदलल्यावर पाळी सुधारली, इच्छाही परतली. नोकरी तीच होती आणि नवराही तोच.

इच्छा वाढवण्यासाठी मेंदूवर काम करणारे ब्रेमेलॅनोटाइड या औषधाचे इंजेक्शन अमेरिकेत २०१९ मध्ये मंजूर झाले, तेही रजोनिवृत्ती न झालेल्या स्त्रियांपुरतेच. सुमारे ४० टक्के स्त्रियांना त्याने मळमळ होते, आणि नवऱ्याच्या समाधानासाठी कोणी मळमळ सोसावी असे मला वाटत नाही. त्यापेक्षा आधी प्रोलॅक्टिन व थायरॉइड तपासून घ्या आणि पत्नी घेत असलेल्या सर्व गोळ्यांची यादी डॉक्टरांसमोर ठेवा. नैराश्यावरील काही गोळ्यांनीही इच्छा कमी होते, मात्र त्या परस्पर बंद करू नयेत. प्रत्येकीचे कारण रक्ताच्या रिपोर्टात सापडेलच असेही नाही. शिवाय इच्छा कमी असल्याचा त्रास स्त्रीला स्वतःला होत नसेल, तर वैद्यकशास्त्र त्याला विकार मानत नाही. तसा त्रास पत्नीला होतो का, हे आपण तिला विचारल्याचे आपल्या प्रश्नात कुठेही दिसले नाही.