बेळगावात रोज सपाट रस्त्यावर ५ किमी धावतो. डोंगरात धावायला सुरुवात कशी करू?

येळ्ळूरच्या राजहंसगडापासून करा, आणि पहिला महिनाभर अंतर नाही, वेळ मोजा: आठवड्यातून दोनदा ४० मिनिटं, बाकी दिवस नेहमीचा रस्ता आहेच. चढ खुशाल चाला. मुरलेले धावपटूसुद्धा उभ्या चढाला मांडीवर हात टेकून चालतात. खरा कस उताराला लागतो. तिथं मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच अंगाचं वजन थोपवतात, म्हणून दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कळ येते. पावलं आखूड टाका, गुडघे किंचित वाकलेले ठेवा, नजर पायाशी नको, तीन-चार पावलं पुढं. मी याच भागात धावतो. आपल्याकडच्या तांबड्या मुरमाचे खडे पायाखालून घरंगळतात, त्यामुळे खोल खाचांच्या तळव्याचे बूट घ्याच. मात्र पावसाळ्यात दगडांवर शेवाळ धरतं, तेव्हा चांगले बूटही घसरतात. ते चार महिने गडावर जाणाऱ्या गाडीरस्त्यावरच चढ-उतार करा. आणि हुरूप वाढला म्हणून खानापूरकडच्या भीमगड अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय शिरू नका, तिथं अस्वलं आहेत.