कावागुचीचा अभ्यास कोठून सुरू करावा

जपानी उपनगरांचा अभ्यास तुम्ही नव्याने हाती घेत असाल, तर अराकावा नदीच्या उत्तर तीरावरील, सैतामा प्रांतातल्या कावागुचीपासून आरंभ करावा. मात्र सुमारे 6 लाख वस्तीच्या या शहराला 'टोकियोच्या नोकरदारांचे रात्रीपुरते मुक्कामाचे ठिकाण' म्हणून निकालात काढू नये. साच्यांना योग्य अशी नदीकाठची वाळू व माती, मालाची जलमार्गाने होणारी ने-आण आणि जवळच असलेली एदोची (म्हणजे जुन्या टोकियोची) बाजारपेठ यांमुळे येथे लोखंडाच्या ओतकामाचा धंदा रुजला. 1964 च्या टोकियो ऑलिंपिकची ज्योत ज्या पात्रात तेवली, तेही येथेच ओतलेले. पुढे ओतशाळा घटत गेल्या आणि त्यांच्या जागी उंच निवासी इमारती आल्या. आंग्यो भागातील रोपवाटिका मात्र नवखे अभ्यासक हमखास विसरतात.

लोकसंख्येचे तक्ते मांडताना विशेष सावध राहावे. शेजारचे हातोगाया 1940 मध्ये कावागुचीत विलीन झाले, 1950 मध्ये वेगळे झाले आणि 2011 मध्ये पुन्हा सामील झाले. त्यामुळे सीमा न तपासता केलेली तुलना फसवी ठरते (माझा पहिला तक्ता असाच वाया गेला). याच हातोगायाला रेल्वे मिळाली ती थेट 2001 मध्ये.