बंदीचं नंतर बघू, आधी नाव वाचवा

सोलापूरचं एक मंडळ दर डिसेंबरात, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या आधी, तुळजापूरपर्यंत सायकल शर्यत भरवतं. जिल्हा संघटनेची मान्यता असायची. यंदा संघटनेने प्रायोजकाचे पैसे आपल्या खात्यात मागितले, मंडळाने नकार दिला. मग संघटनेने त्याच नावाची स्वतःची शर्यत जाहीर केली आणि ‘दुसरीकडे पळाल तर बंदी’ असा निरोप व्हॉट्सॲपवर फिरवला. मंडळाचे सचिव विचारतात, अशी बंदी घालता येते का? कबड्डी, बुद्धिबळ, टेबल टेनिस, सगळीकडून हाच प्रश्न येतो.

सचिवसाहेब, तुमच्या पत्रातली महत्त्वाची ओळ शेवटून दुसरी आहे. संघटनेने शर्यतीचं नाव आपल्या मालकीचं म्हणून नोंदवायला ट्रेडमार्क अर्ज केलाय आणि तो ‘जर्नलमध्ये’, म्हणजे रजिस्ट्री असे अर्ज जिथे प्रसिद्ध करते तिथे, ‘आल्याचं कुणीतरी सांगितलं’. कधी आला? ते तुम्ही पाहिलेलंच नाही!

जर्नलच्या तारखेपासून चार महिने. ट्रेडमार्क कायद्याच्या कलम 21 खाली विरोध नोंदवायला एवढीच मुदत आहे आणि ती वाढवून मिळत नाही. तुम्हाला कळलं त्या दिवसापासून मोजायचं नाही. आज ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावर अर्ज क्रमांक टाका, जर्नल क्रमांक आणि तारीख लिहून घ्या. मुदत उरली असेल तर फॉर्म टीएम-ओ ऑनलाइन भरा. शुल्क एका वर्गाला, म्हणजे वस्तू-सेवांच्या एका प्रकाराला, 2,700 रुपये. क्रीडा स्पर्धा वर्ग 41 मध्ये येतात, पण संघटनेने टी-शर्टसाठी वर्ग 25 मध्येही अर्ज टाकलाय का, तेही बघा.

मंडळाची नोंदणी नाही, म्हणून आधी धर्मादाय कार्यालयात जायचा विचार आहे, असं तुम्ही लिहिता. अजिबात नको. तिथे महिने जातील. विरोध कोणीही व्यक्ती करू शकते, तेव्हा तो तुमच्या नावाने टाका. इतकी वर्षं प्रवेश शुल्क सचिवाच्या बचत खात्यात घेणाऱ्या मंडळाला आता एकदम शिस्त सुचावी, हे नवलच आहे.

विरोधाची प्रत मिळाल्यावर संघटनेला दोन महिन्यांत प्रतिनिवेदन, म्हणजे लेखी उत्तर, द्यावं लागतं. नाही दिलं तर अर्ज सोडून दिला असं धरतात, आणि बरेच अर्ज इथेच पडतात. दिलं, तर त्याची प्रत मिळाल्यापासून दोन महिन्यांत पुरावा तुम्ही द्यायचा. तो चुकला की तुमचा विरोध पडला.

पुरावा कशाचा, तर हे नाव आधीपासून तुम्ही वापरताय याचा. जुने बिब काढा. पाठीवरच्या त्या कापडी नंबरावर शर्यतीचं नाव, तारीख आणि प्रायोजकाचं चिन्ह एकत्र छापलेलं असतं, त्यामुळे पुरावा म्हणून तो पावतीपुस्तकापेक्षा भारी. पोलीस परवानग्याही जोडा. सोलापूर आयुक्तालय आणि ग्रामीण अधीक्षक यांच्या तर हव्यातच, शिवाय तुळजापूर धाराशिव जिल्ह्यात असल्याने तिथलीही हवी. प्रायोजकाचे धनादेश कुणाच्या नावे निघाले, तेही दाखवा. धोका तुमच्याच पहिल्या दोन वर्षांच्या पोस्टरांचा आहे. वजन यावं म्हणून त्यांवर ‘आयोजक’ म्हणून संघटनेचं नाव छापलंत ना? ते लपवू नका. परवानगी कुणी काढली, खर्च कुणी केला हे पुराव्याच्या शपथपत्रातच मांडा. मान्यतापत्राच्या मागच्या अटींत नावाबद्दल काही लिहिलं असेल, तर मात्र ते कागद पाहिल्याशिवाय मत देणार नाही.

मुदत गेली असेल तर कलम 34 पूर्वीच्या वापरकर्त्याला संरक्षण देतं आणि कलम 57 खाली नोंद रद्द करून घेता येते. पण त्याला लागणारी वर्षं मोजायला बसू नका.

नावावर एवढा भर का? 2008 मध्ये जागतिक सायकलिंग संघटना यूसीआय आणि टूर द फ्रान्सची आयोजक कंपनी एएसओ यांचं बिनसलं. पॅरिस–नीस शर्यत फ्रेंच महासंघाच्या नियमांखाली झाली. यूसीआयने निलंबनाच्या धमक्या दिल्या, तरी संघ धावले, कारण शर्यत एएसओच्या मालकीची होती. टूरचंही त्या वर्षी तसंच झालं.

आता बंदी. यूसीआयच्या नियम 1.2.019 नुसार परवानाधारक खेळाडूला मान्यता नसलेल्या शर्यतीत उतरता येत नाही. शिक्षा एक महिना निलंबन आणि 50 ते 100 स्विस फ्रँक दंड. परवाना नसलेल्या हौशी खेळाडूला हे लागू नाही आणि राष्ट्रीय महासंघ विशेष सूटही देऊ शकतो. ती थेट महासंघाकडे लेखी मागा. अशा धमक्यांबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने, म्हणजे बाजारातली मक्तेदारी रोखणाऱ्या यंत्रणेने, बुद्धिबळ महासंघाला 2018 मध्ये दोषी धरलं. मुंबई उपनगरच्या टेबल टेनिस संघटनेविरुद्धही निकाल गेला, पण तक्रार 2021 ची आणि आदेश 2024 चा. येत्या डिसेंबरला त्याचा उपयोग शून्य. तरी व्हॉट्सॲपचा निरोप तारीख आणि पाठवणाऱ्याचा क्रमांक दिसेल असा जपून ठेवा.

विरोध टाकाल त्याच दिवशी नाव नोंदवायचा स्वतःचा टीएम-ए अर्जही करा, व्यक्तीला ऑनलाइन 4,500 रुपये. ‘वापर केव्हापासून’ या रकान्यात पहिल्या शर्यतीची तारीख लिहा आणि वापराचं शपथपत्र जोडा. संघटनेशी बोलणी करायला हरकत नाही, पण विरोधाचा क्रमांक हातात आल्यावरच.