वाचकांचे प्रश्न : ऑथेल्लोच्या मनात संशय कुठून येतो?

प्रश्न : स्नेहसंमेलनासाठी शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’चे 40 मिनिटांचे रूप बसवतो आहोत. कलाकार सात. नाटक मत्सराचेच असल्याने व्हेनिसचा पहिला अंक गाळून थेट सायप्रसपासून सुरुवात करावी म्हणतो. चालेल का? (प्राध्यापिका, अंबाजोगाई)

उत्तर : गाळू नका. पहिला अंक गेला की ऑथेल्लो नुसता हलक्या कानाचा वाटतो आणि ‘एवढा मोठा सेनापती, पण अक्कल नाही’ म्हणून लोक हसतात. त्याच्या हाताखालचा अधिकारी इयागो बायको डेस्डेमोनाविषयी संशय पेरतो, पण ते विष व्हेनिसमध्येच तयार होते. मुलीने चोरून लग्न केले म्हणून चिडलेला डेस्डेमोनाचा बाप ब्रबान्शिओ जाता जाता जावयाला बजावतो, बापाला फसवणारी तुलाही फसवेल. तिसऱ्या अंकात इयागो हेच काढतो. पुढे ऑथेल्लोच अर्धवट बोलून जातो, की निसर्ग कधीकधी आपली वाट सोडतो. इयागो ते वरच्यावर झेलतो : आपल्या देशाची, रंगाची, तोलामोलाची स्थळे तिने नाकारली, हे काही सरळ लक्षण नव्हे. ऑथेल्लो ते खोडत नाही. एकटा पडल्यावर स्वतःच कारणे मोजतो : मी काळा, मला दरबारी बोलणे येत नाही, वयही उतरणीला लागले. मत्सर इथे पेटतो. त्याचे सरपण पहिल्या अंकात रचलेले असते.

वेळ अशी वाटा : पहिला अंक 9 मिनिटे, ऑथेल्लोचा दुय्यम अधिकारी कॅसिओ याची दारू आणि मारामारी 4, तिसऱ्या अंकातला इयागो-ऑथेल्लो प्रवेश 13, चारचौघांत डेस्डेमोनाला मारलेली थप्पड 3, शेवट 11. वादळ, विदूषक, कॅसिओची मैत्रीण बियांका सगळे जाऊ द्या. कॅसिओचा नट ड्यूक, म्हणजे व्हेनिसचा प्रमुख, करू शकतो, ब्रबान्शिओचा नट पुढे व्हेनिसचा दूत लोदोविको. घोळ होतो तो 13 मिनिटांच्या प्रवेशात. तो पाच मिनिटांवर आणला की संशय एका उडीत येतो. डेस्डेमोना मध्येच येते तिथे या प्रवेशाचे दोन तुकडे पडतात. पहिल्यात ऑथेल्लोने आवाज चढवायचाच नाही, ‘संशय आला तर आधी पुरावा पाहीन’ हेही शांतपणे. ओरडणे दुसऱ्या तुकड्यासाठी राखा.

प्रश्न : ऑथेल्लोच्या नटाला काळा रंग फासावा का? (विद्यार्थी, नांदेड)

उत्तर : नको. घाम सुटला की रंग ओघळतो, डेस्डेमोनाच्या साडीला लागतो, आणि शेवटच्या प्रवेशात प्रेक्षक डागच बघत बसतात. पण खरे कारण वेगळे आहे. काळेपणाचा सोंगासारखा वापर फार वर्षे झाला. आयरा ऑल्ड्रिज या कृष्णवर्णीय नटाने 1833 मध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डनला ही भूमिका केली, पॉल रोबसनने 1943 पासून न्यूयॉर्कमध्ये 296 प्रयोग केले. त्यानंतर डबीतला काळा रंग केविलवाणा दिसतो.

परकेपणा हालचालींतून दाखवा. दरबारात बाकीचे एका बाजूला घोळक्याने, तो एकटा. पहिल्या प्रवेशात इयागो आणि डेस्डेमोनावर डोळा असलेला रॉड्रिगो यांच्या तोंडी त्याचे नाव येत नाही, नुसता ‘मूर’ (आफ्रिकी वंशाचा माणूस) आणि शिव्या. भाषांतर करताना सोयीसाठी तिथे नाव घालू नका. नाव पहिल्यांदा घेतो तो ड्यूक, कारण तुर्कांचे आरमार निघाले आहे आणि गरज आहे. तोच ड्यूक पुढे ब्रबान्शिओला समजावतो की तुमचा जावई काळ्यापेक्षा गोराच जास्त. हे कौतुक म्हणूनच म्हणायला सांगा. स्थळ बघताना ‘रंग जरा सावळा, पण मुलगा गुणी’ म्हणणाऱ्या आपल्या प्रेक्षकांना ते बरोबर टोचेल.

प्रश्न : वर्णाऐवजी जात घेऊन नाटक मराठवाड्यातल्या गावात आणले तर? (नाट्यमंडळ, परभणी)

उत्तर : जरूर आणा. देवलांनी 1890 मध्येच ‘झुंझारराव’ लिहून हे नाटक मराठी केले होते. आणि ज्या प्रदेशात विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळायला 1978 च्या ठरावापासून 1994 उजाडले, तिथे प्रेक्षकाला वेगळे काही समजवावे लागणार नाही. तीन गोष्टी मात्र सुटू नयेत. नायक पीडित, गरीब नको. हुद्द्याने मोठा हवा. मुलीच्या बापाने त्याला पूर्वी कौतुकाने घरी बोलावलेले हवे, म्हणजे जेवायला चालतो, जावई चालत नाही, हे उघडे पडेल. आणि गावाला त्याची गरज हवी.

धोका शेवटात आहे. जातीबाहेर लग्न केले, म्हणून मुलगी मेली, असा अर्थ घेऊन लोक उठले तर नाटक इयागोच्या बाजूने गेले. म्हणून इयागोची स्वगते कापू नका. खोटे कसे घडवले जाते ते प्रेक्षकाला प्रत्येक पायरीवर दिसले पाहिजे. इयागोची बायको एमिलिया हिचा शेवटचा आक्रोशही पूर्ण ठेवा, सत्य मोठ्याने बोलणारी तीच आहे.

प्रश्न : रुमाल कसा असावा? मागच्यांना दिसतच नाही. (तेच मंडळ)

उत्तर : हा रुमाल ऑथेल्लोने डेस्डेमोनाला दिलेला. इयागो तो कॅसिओकडे पोचवून खोटा पुरावा करतो, म्हणून तो दिसायलाच हवा. 18 ते 20 इंच चौरस, पांढरे सुती कापड, त्यावर मोठ्या लाल स्ट्रॉबेऱ्यांचे भरतकाम. हिमरूचा, म्हणजे रेशीम-सुती नक्षीदार कापडाचा, तुकडा मोहात पाडतो, पण त्याच्या नक्षीत लाल फळे हरवतात. पातळ रेशीम मंडपातल्या पंख्याने उडते, म्हणून कापड दुहेरी घ्या. डेस्डेमोना ऑथेल्लोचे कपाळ बांधायला जाते, ‘लहान आहे’ म्हणून तो हात झटकतो, तेव्हा रुमाल प्रेक्षकांच्या बाजूला पडावा. दोघे निघून जातील, एमिलिया उचलेल. तिने उचलण्याआधी मनात तीनपर्यंत मोजावे. दुसरा रुमाल विंगेत तयार ठेवा.