उंदीर काय करेल तेव्हा त्याला व्यसनी म्हणशील?

प्रिय बेटा,

मेल मिळाला, दारूच्या व्यसनाचे जीन उंदरांत शोधायचं तुझं प्रपोजल पण वाचून काढलं. सिक्वेन्सिंगवर, म्हणजे डीएनए वाचण्यावर, पानंच्या पानं लिहिलीयस, सॉफ्टवेअर कोणतं, सर्व्हर कुठला, सगळं आहे, पण उंदीर नेमकं काय करेल तेव्हा तू त्याला व्यसनी म्हणणार हे काही मला सापडलं नाही. नुसतं "व्यसनी उंदरांचा जीनोम" म्हणून मोकळा झालायस. असं नाही चालत भाऊ.

आपल्याकडचा दारुडा डोळ्यापुढे आण, तालुक्यातल्या कुठल्याही गावातला. रोज पितो, एकदा बसला की थांबत नाही, नाही मिळाली की सकाळी हात थरथरतात, शेत गेलं, बायको माहेरी गेली तरी पितो, आणि माळ घालून वर्षभर बंद ठेवली तरी कुणाच्यातरी हळदीत परत सुरू. माणसात हे सगळं एकाच अंगात दिसतं म्हणून आपण त्याला एकच आजार समजतो. उंदरात ते सुटं करून मोजावं लागतं आणि सुटं केलं की भलतंच दिसतं. ब्लॅक सिक्स नावाची काळी स्ट्रेन, म्हणजे पिढ्यान्पिढ्या आपापसात वाढवलेली उंदरांची जात, आवडीने दारू पिते, डीबीए टू ही दुसरी स्ट्रेन तोंड पण लावत नाही, हे १९५९ मधे मॅकलर्न आणि रॉजर्स या शास्त्रज्ञांनी दाखवलं आणि अजूनही लॅबोलॅब तसंच दिसतं. पण दोघांना सारखीच दारू चढवून मग अचानक बंद केली तर जोरात झटके कुणाला येतात? न पिणाऱ्या डीबीएला. ब्लॅक सिक्सचं थोडक्यात निभावतं. आणि हे या दोघांपुरतंच नाही, बऱ्याच स्ट्रेन घेऊन बघितलं तरी जास्त पिणाऱ्यांचा विड्रॉल, म्हणजे दारू बंद केल्यावरचा त्रास, बहुतेक सौम्य निघतो. म्हणजे पिण्याचे जीन शोधायला गेलास आणि विड्रॉल मोजत बसलास तर उलट्याच दिशेला पोचशील. म्हणून म्हणते, एकच काहीतरी धर.

समजा पिणंच धरलंस. दोन बाटल्यांची टेस्ट ऐकायला पोरखेळ वाटते, एकीत पाणी, दुसरीत १० टक्के इथेनॉल, २४ तासांनी किती कमी झालं ते बघायचं, झालं. पण उंदराला डाव्या कोपऱ्याची सवय असली तर तो डावीकडचंच पिणार, मग तिथे दारू असो की पाणी, त्यामुळे बाटल्यांच्या जागा अदलाबदल करत राहायच्या. पिंजरा जरा हलला की नळीतून थेंब पडतात, म्हणून एक पिंजरा उंदराशिवाय ठेवायचा, बाटल्या तशाच लावायच्या, आणि जेवढं तिथे गळलं तेवढं बाकीच्यातून वजा करायचं. आपल्याकडे एप्रिल मे मधे पारा ४५ ला टेकतो, लाईट गेली, एसी बंद पडला आणि जनरेटरवाला जेवायला गेलेला असला तर त्या दिवशीचा डेटा सरळ फेकून दे, कारण तहानलेला उंदीर समोर येईल ते पितो. जमलं तर पायलट, म्हणजे आधीची छोटी चाचणी, दिवाळीनंतरच ठेव.

बरं, पितोय तो चवीसाठी की नशेसाठी? ब्लॅक सिक्सला गोड भारी आवडतं, आणि गोड चव ओळखणाऱ्या जिभेवरच्या रिसेप्टरचा एक जीन आहे, टीएएस१आर३, त्यातल्या फरकामुळे सुद्धा दारू कमीजास्त प्यायली जाते. म्हणजे मेंदूतला जीन सापडला म्हणून पेढे वाटशील आणि तो निघेल जिभेवरचा. दारूची टेस्ट संपली की त्याच उंदरांना नंतर गोड सॅकरिन दे, कडू क्विनाइन दे, त्याशिवाय पुढे जाऊच नको.

आणि हिशोबाची सवय लाव. ब्लॅक सिक्स दिवसाला किलोमागे १० ग्रॅमच्या आसपास अल्कोहोल पितो. साठ किलोच्या माणसाला ते ६०० ग्रॅम होतं. आपल्या १८० एमएलच्या क्वार्टरमधे ४२.८ टक्क्यांनी साधारण ६० ग्रॅम, म्हणजे दिवसाला दहा क्वार्टर! माणूस मरेल, उंदीर टुणटुणीत, कारण त्याचं लिव्हर भराभर जाळतं आणि तो रात्रभर घोट घोट पितो, रक्तात फार चढतच नाही. चढायला हवी असेल तर खोलीतला लाईट बंद करून उंदरांची रात्र सुरू केल्यावर तीन तासांनी पाण्याच्या जागी २० टक्के इथेनॉल लावतात, दोन ते चार तासच, आणि लगेच रक्त तपासतात. किती प्याला आणि किती चढली हे दोन वेगळे आकडे आहेत, दोन्ही लिही.

इंडियानाच्या पी उंदरांबद्दल (पी म्हणजे प्रेफरिंग, दारू पसंत करणारे; हे मोठे उंदीर, रॅट, वरचे ते छोटे, माऊस) तू फारच भाबडेपणाने लिहिलंयस. विस्टार या लॅबमधल्या नेहमीच्या रॅट जातीतून जास्त पिणारे निवडत निवडत ती जात तयार केली, २०१३ मधे त्यांच्यात जीआरएम२ जीनमधे असा बदल सापडला की मेंदूत ग्लुटामेट या रसायनाचा निरोप घेणारा एक रिसेप्टर तयारच होत नाही, आणि न पिणाऱ्या जोडीदार जातीत तो बदल नव्हता. वाचून वाटतं, सापडलं! पण मग तोच बदल बाजारात सर्रास मिळणाऱ्या काही विस्टार उंदरांत पण निघाला, ज्यांना पिण्यासाठी कुणी निवडलेलंच नव्हतं. थोड्याशा जोड्यांवर पिढ्या काढल्या की दारूशी काडीचा संबंध नसलेले जीन पण नशिबाने पक्के होऊन बसतात. तो जीन बिनकामाचा आहे असं नाही म्हणत मी, पण दोन जातींत फरक दिसला एवढ्यावर थांबायचं नाही. दुसऱ्या, स्वतंत्रपणे वाढवलेल्या जातीत बघ, तो जीन बंद करून बघ, चालू करून बघ.

पैसे कमी पडत असतील तर चिलटं घे ना. रावेर यावलकडे पिकलेल्या केळीच्या घडावर घोंगावतात तीच, आणि त्यांचा दारूशी संबंध आपल्यापेक्षा जुना आहे, आंबलेल्या फळावरच त्यांचा संसार. १९९८ मधे हेबरलाइन या शास्त्रज्ञ बाईंच्या लॅबने इथेनॉलची वाफ सोडलेल्या उंच नळीत माश्या सोडल्या, झिंगली की माशी एकेक पायरी घसरत खाली येते, आणि जी फार लवकर खाली आली तिचं नाव ठेवलं चीपडेट, म्हणजे थोडक्यात झिंगणारी. शोधत गेले तर तो स्मरणशक्तीशी संबंधित, आधीच माहीत असलेल्या अम्नेसियाक जीनचाच एक बदल निघाला. व्यसन नाही हं हे, नुसतं लवकर झिंगणं. पण प्रश्न स्वच्छ आहे, आणि मला तोच आवडतो.

गावात विचारतील तुला, मलाही विचारतात, बाप पेस तं आंडोर बी पेस का? म्हणजे बाप पितो तर मुलगा पण पिणार का? जुळ्यांच्या आणि दत्तक मुलांच्या अभ्यासांवरून धोक्यातला साधारण अर्धा भाग वारशाचा निघतो, पण तो एका जीनचा नाही, थोडं थोडं करत खूप जीनचा. आत्तापर्यंत सगळ्यात पक्के सापडलेले दारू पचवणाऱ्या एन्झाइमचे आहेत, मेंदूतले नाहीत. पूर्व आशियात पुष्कळांना अशाच एका एन्झाइमच्या, एएलडीएच२ च्या, जीनमधल्या बदलामुळे दोन घोटात तोंड लाल होऊन मळमळतं आणि ते आपोआप पीत नाहीत, आपल्याकडे तो बदल क्वचितच. आणि हे पण सांग, की पिंजऱ्यातून दारूची बाटली काढली की ब्लॅक सिक्सचा स्कोअर शून्य, जीन तेच असून. बायका मतदान करून गावातली बाटली आडवी करतात तेव्हा तेच करतात.

आता काम. पहिलं पान परत लिही, जीनोम हा शब्द न वापरता, फक्त उंदीर काय करणार आणि तू ते कसं मोजणार एवढंच. एथिक्स कमिटीचा फॉर्म आत्ताच भरायला घे, प्राणी किती लागणार याचं कारण ते विचारतातच आणि परवानगीशिवाय एक उंदीर पण आणता येत नाही. सॅम्पल साइजचं गणित अडलं तर रविवारी फोन कर, सकाळी, दुपारी मी झोपते.

तुझी,
मॅडम