देशाची 'फाळणी' काऊन, 'वाटणी' काऊन नाही?

प्रश्न एका भावानं विचारलाय, आर्णीकडचा आहे, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : "आमच्या घरी बाबाचं अन् काकाचं वावर वायलं झालं तवा सगळे वाटणी म्हणत होते, हिस्से पडले म्हणत होते, फाळणी कोनीच म्हटली नाही. मंग देशाचीच फाळणी काऊन? वाटणी लिहिलं तर चुकते काय? अन् हिंदीवाले बटवारा म्हणतात, पेपरात विभाजन येते, ते सारखंच का?"

मार्कांचं आधी मिटवून टाकू. १९४७ साठी फाळणीच लिहा, रूढ शब्द तोच आहे, उगाच तपासणाऱ्याला विचार करायला लावू नका.

पण फाळणी फक्त देशाचीच होते हे काही खरं नाही भाऊ. तुमच्या त्याच वाटणीचे कागद एकदा काढून पहा. मोजणीवाले येऊन गेले, धुऱ्यावर खुणा रोवल्या, त्यानंतर भूमी अभिलेखच्या ऑफिसात जे रेकॉर्ड तयार होते त्यात 'फाळणी नकाशा' असतो, 'फाळणी बारा' असतो, अन् जुन्या नंबरावरचा शेतसारा नव्या हिश्श्यांवर फोडून टाकतात त्याला 'आकारफोड' म्हणतात. म्हणजे गट नंबर ४५ चे ४५/१ अन् ४५/२ झाले की सरकारी भाषेत त्या नंबराची फाळणीच झाली. ओसरीवर बसून चार माणसांसमोर होते ती वाटणी, अन् पटवारी, मोजणीदाराच्या कागदावर उतरते ती फाळणी. फाळणं म्हणजे चिरणं, उभं फाडणं, त्यामुळं त्या शब्दात माणूस नाहीच, फक्त चिरली जाणारी वस्तू आहे. वाटणीत मात्र वाटेकरी लागतातच, वाटेकऱ्याशिवाय वाटणी कशाची? म्हणून वाटणीचं भांडण 'कोणाले किती' यावर होते अन् फाळणीचं 'रेघ कुठून' यावर.

आता हे दोन प्रश्न डोक्यात ठेवून १९४० ते ४७ चं राजकारण वाचा, लय मजा येते. (मजा म्हणजे शब्दांची, बाकी त्यात मजेचं काही नाही.)

मार्च १९४० मधी लाहोरला मुस्लिम लीगचं अधिवेशन झालं, ठराव मांडला बंगालच्या फजलुल हकांनी. त्या ठरावात 'पाकिस्तान' हा शब्दच नाही. तो शब्द चौधरी रहमत अलींनी १९३३ मधी इंग्लंडात बसून काढलेला, ठरावाला 'पाकिस्तान ठराव' हे नाव नंतर चिकटलं. ठरावात होतं काय, तर वायव्येकडच्या अन् पूर्वेकडच्या मुस्लिमबहुल भागांची स्वतंत्र राज्यं व्हावीत, राज्यं, अनेकवचनात, अन् प्रदेशांचे जरूर ते फेरबदल करून. रेघ कुठून जाईल ते त्या 'जरूर ते फेरबदल' मधी गुंडाळून ठेवलं होतं. सहा वर्षांनी, एप्रिल १९४६ च्या दिल्लीच्या बैठकीत, लीगनं त्या 'राज्यां'चं एकच राज्य केलं, म्हणजे एका वचनाच्या फरकानं ढाका अन् कराची एका सातबाऱ्यावर आले.

लाहोरला उत्तर आलं ते आपल्या इकडून, गांधींचं. १९३६ पासून त्यांनी वर्ध्याजवळ सेवाग्रामला ठाण मांडलेलं होतंच. त्यांच्या 'हरिजन' साप्ताहिकाच्या ६ एप्रिल १९४० च्या अंकात त्यांनी लिहिलं की आपण सध्या एकत्र कुटुंब आहोत, त्यातला कोणीही सदस्य वाटणी मागू शकतो. मूळ इंग्रजी आहे, पण मराठीत आणताना मी इथं वाटणीच लिहीन, फाळणी लिहिली तर वाक्याचा जीवच जातो. कारण त्यांचा सगळा मुद्दाच हा की देणारे-घेणारे भाऊ आहेत, आवडो न आवडो पण वाटा मागायचा हक्क भावालाच असतो अन् वाटा दिल्यावर तो काही परका होत नाही.

जिनांना नेमकं हेच नको होतं. त्यांचं म्हणणं, आम्ही तुमच्या घरातले धाकटे भाऊ नाहीच, आम्ही अल्पसंख्य नाही तर वेगळं राष्ट्र आहोत, धर्म वेगळा, चालीरीती वेगळ्या, इतिहासातले नायक वेगळे. म्हणून त्यांच्या बाजूनं पाहिलं तर 'वाटणी' हा शब्द मान्य केला की केस हरली.

अन् इथं शब्दाची अजून एक गाठ आहे, ती मराठी पुस्तकात सापडत नाही. आपण 'द्विराष्ट्रवाद' म्हणतो, उर्दूत त्याला 'दो कौमी नजरिया' म्हणतात. राष्ट्र म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर देश, झेंडा, सीमा येतात. कौम तसं नाही, अकोल्या-बाळापूरकडं कोणत्याही मोहल्ल्यात विचारा, कौम म्हणजे समाज, कधी जात, कधी सगळी मुस्लिम बिरादरी, कधी देशपण. एवढ्या ढिल्या शब्दावर भांडण होणारच, अन् लाहोरच्या दोन वर्षं आधीच, १९३८ मधी, झालं होतं. देवबंदचे मौलाना हुसैन अहमद मदनी म्हणाले की आजच्या काळात कौम वतनावरून (मायदेशावरून) बनते, म्हणजे इथले हिंदू-मुसलमान मिळून एक कौम. त्यावर कवी इक्बालांनी फारसीत कडक ओळी लिहिल्या. मदनींचा खुलासा असा की मी कौम म्हटलं, मिल्लत म्हटलं नाही, मिल्लत धर्माची असते, कौम देशाची. बघा म्हणजे, धर्मावर देश बनावा की नाही हा वाद त्या दोघांमधी एका शब्दावर येऊन अडकला होता, अन् मुसलमानांमधेच होता. सगळे मुसलमान एका बाजूला होते असं वाटणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

मराठी बाजूलापण काही एकमत नव्हतं. सावरकरांनी १९३७ मधी अहमदाबादला हिंदू महासभेच्या अध्यक्षपदावरून हिंदुस्थानात मुख्यत्वे दोन राष्ट्रं आहेत असं म्हटलं होतं, पण देश एकच राहावा, अखंड. बाबासाहेब आंबेडकरांनी हे बरोबर पकडलं, की सावरकर अन् जिना दिसतात विरोधात पण दोन राष्ट्रं आहेत यावर दोघांचं एकमतच आहे, फरक आहे तो त्या दोन राष्ट्रांनी कोणत्या अटींवर राहायचं एवढ्यात. बाबासाहेबांचं ते पुस्तक आधी 'थॉट्स ऑन पाकिस्तान' नावानं आलं, अन् १९४५ च्या दुसऱ्या आवृत्तीत नाव बदलून त्यात 'पार्टिशन' शब्द बसला. माझ्या मते त्या काळात या विषयावर इतकं कोरडं, हिशोबी, दोन्ही बाजूंची वकिली करून मग तपासणारं दुसरं कोणी लिहिलं नाही, लोकसंख्येची अदलाबदल, सैन्यात कोण किती, महसूल किती, सगळं मांडलंय. ते वाटणीवाले पण नव्हते अन् अखंडवाले पण नव्हते, ते मोजणीवाले होते.

सप्टेंबर १९४४ मधी गांधी-जिना बोलणी मुंबईत झाली, तिथं तर अगदी आपल्या तहसीलमधे चालतात तसे मुद्दे निघाले. गांधी म्हणे, एकच कुटुंब आहे असं धरून मी चाललो आहे, वेगळं व्हायचं असेल तर त्या भागातल्या सगळ्या प्रौढांचं मत घ्या, आधी इंग्रज जाऊ द्या, मंग वाटणी करू, अन् परराष्ट्र, संरक्षण असलं सामाईक काही असेल त्याचा करार करू. जिना म्हणे, मत फक्त मुसलमानांचं, वाटणी इंग्रज असतानाच, अन् सामाईक काही नको. वाटणीच्या कागदावर सही कोणाची, पंच गावात असताना की गेल्यावर, अन् विहीर सामाईक ठेवायची का. अठरा दिवस बोलणी चालली, फळ शून्य.

फाळणीचा खरा, म्हणजे रेघेचा, प्रश्न १९४७ मधे आला अन् तेव्हा सगळ्यांच्या भूमिका उलट्या झाल्या. देश फाळू नका म्हणणारी काँग्रेस मार्चमधी पंजाबचे दोन भाग करा म्हणाली, बंगालच्या बाबतीत श्यामाप्रसाद मुखर्जींची तीच मागणी. अन् देश फाळा म्हणणारे जिना म्हणायला लागले की पंजाब अन् बंगाल फाळू नका, तिथल्या लोकांची भाषा एक, राहणी एक. शेवटचा व्हाइसरॉय माउंटबॅटननं पुढं सांगितलेल्या आठवणीप्रमाणं त्यानं उत्तर दिलं की मग हाच मुद्दा सगळ्या हिंदुस्थानालापण लागू होतो. बंगालात सुऱ्हावर्दी अन् शरदचंद्र बोस यांनी तिसरीच गोष्ट काढली, अखंड स्वतंत्र बंगाल, जिनांची त्याला हरकत नव्हती, पण काँग्रेसच्या श्रेष्ठींना अन् हिंदू महासभेला ती नको होती. शेवटी माउंटबॅटनची फाळणीची ३ जूनची योजना आली, १५ जूनला काँग्रेस महासमितीनं १५७ विरुद्ध २९ मतांनी ती मान्य केली, अन् रेघ मारायला जो माणूस आणला, सिरिल रॅडक्लिफ, तो याआधी हिंदुस्थानात आलेलाच नव्हता. पाच आठवडे मिळाले त्याला. निवाडा जाहीर झाला १७ ऑगस्टला, म्हणजे स्वातंत्र्य झाल्यावर दोन दिवसांनी, तोवर गुरदासपूर कुठं, मुर्शिदाबाद कुठं, लोकांना पत्ता नाही. म्हणून म्हणतो, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथं आहे. जे घडलं ते रेघेचं काम होतं, वाटेकऱ्यांनी बसून केलेलं नव्हतं, अन् मराठीत त्याला फाळणी हाच शब्द बसला.

पण वाटणी झाली नाही असं नाही हं. फाळणीच्या पोटात वाटणी होतीच. शिल्लक रकमेत अन् कर्जात पाकिस्तानचा वाटा साडेसतरा टक्के ठरला, रोख ७५ कोटी, त्यातले २० आधी दिले, उरलेले ५५ कोटी काश्मीरच्या भांडणात अडकले अन् जानेवारी १९४८ मधी गांधींचं उपोषण चालू असताना सरकारनं ते देऊन टाकायचं ठरवलं. सैन्य वाटलं, रेल्वेचे डबे वाटले, ऑफिसातल्या टेबलखुर्च्या अन् टाइपरायटरसुद्धा वाटले. इथं मात्र 'फाळणी' लिहाल तर चूक. देशाची फाळणी, मालमत्तेची वाटणी, हे पक्कं लक्षात ठेवा. पाण्याला दोन्ही शब्द पुरले नाहीत. १ एप्रिल १९४८ ला फिरोजपूरकडून पाकिस्तानात जाणारं कालव्याचं पाणी बंद झालं अन् ते भांडण १९६० च्या सिंधू करारापर्यंत गेलं.

अजून एक शब्द आपल्याकडं आहे जो पुस्तकवाले विसरतात, 'वायला निघणं', म्हणजे वेगळं निघणं. वाटणीत दोन्ही भावांची नवी नावं लागतात, पण एकजण वायला निघाला तर जुनं घर जुन्याच्या नावावर राहते. भारताची बाजू हीच होती, की आम्ही जुनेच, पाकिस्तान वायला निघाला. पाकिस्तानचं म्हणणं, नाही, दोघेही सारखे वारस. संयुक्त राष्ट्रांनी भारताची बाजू धरली, भारत सदस्य राहिला अन् पाकिस्तानला नवा अर्ज करून ३० सप्टेंबर १९४७ ला आत यावं लागलं. 'इंडिया' हे नाव भारतानं ठेवलं म्हणून जिनांनी नाराजी कळवली होती, त्याचंपण मूळ इथंच.

बाकीचे शब्द भराभर. विभाजन हा संस्कृत, पेपरी अन् थंड, जिल्हा विभाजनालापण चालतो. बटवारा हिंदी-पंजाबी, नागपूरकडं सर्रास ऐकू येतो, चूक कशाला म्हणायचं. पंजाबीत वंड. नागपूरच्या जरीपटक्यात सिंधी आजी-आजोबा विरहांगो म्हणतात, अन् गडचिरोलीत मुलचेऱ्याकडं पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली लोकांच्या तोंडी देशभाग. १९०५ च्या बंगालच्या फाळणीला मात्र बंगाल्यांनीच दिलेला वंगभंग हा शब्द टिळकांच्या काळात मराठीत आला अन् राहिला, कारण ती फाळणी १९११ मधी रद्द झाली, भंग झालेलं जोडता येते. 'अखंड'चं वजन वेगळंच, आपल्याकडं अखंड हरिनाम सप्ताह असतो, अखंड सौभाग्यवती लिहितात, म्हणून अखंड हिंदुस्थान म्हटलं की तो नकाशा राहत नाही, सोवळ्यातला होतो, अन् त्याच्या विरुद्ध बोलणारा आपोआप 'तुकडे' करणारा ठरतो. तुकडे हा शब्द नेहमी दुसऱ्याच्या मागणीलाच लावतात. वेगळ्या विदर्भाचंच घ्या, पाहिजे असणारा 'वेगळा विदर्भ' म्हणतो, नको असणारा 'महाराष्ट्राचे तुकडे' म्हणतो, अन् सरकार 'राज्य पुनर्रचना' म्हणते. त्यात धर्म नाही, म्हणून फाळणी कोणी म्हणत नाही. मराठीत फाळणी या शब्दाला १९४७ नंतर धर्माचा अन् रक्ताचा वास लागला तो गेलाच नाही.

१९७१ चं एक राहिलं, कारण पुढचा प्रश्न तोच येईल. त्याला 'पाकिस्तानची फाळणी' लिहू नका. धर्म तोच होता, भांडण भाषेचं अन् सत्तेचं होतं. आपल्याकडं 'पाकिस्तानचे दोन तुकडे झाले' असं मिशीला पीळ देत म्हणतात, पाकिस्तानात त्याला सुकूत-ए-ढाका म्हणजे ढाक्याचा पाडाव म्हणतात, बांगलादेशात मुक्तियुद्ध. परीक्षेत 'बांगलादेश मुक्तिसंग्राम' लिहा, २६ मार्च (स्वातंत्र्याची घोषणा) अन् १६ डिसेंबर (पाकिस्तानी सैन्याची शरणागती) या दोन्ही तारखा घाला.